बहाई मुले आणि सुवार्तेचे आमंत्रण

सावध : अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात २०१० मध्ये ख्रिस्ती धर्माखालोखाल सर्वांत जास्त अनुयायी बहाई धर्माचे होते. धर्मसंस्थांच्या त्या वर्षीच्या गणनेवरून काढलेल्या नकाशांत ही गोष्ट दिसली, तेव्हा खुद्द अमेरिकेतही अनेकांना नवल वाटले. पण पहिला आणि दुसरा क्रमांक यांच्यातले अंतर प्रचंड आहे. या राज्यात गावोगावी बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्च आहेत. बहाई मूल मात्र आपल्या वर्गात बहुधा एकटेच असते. शाळा सुटल्यानंतरचे युवक गट, सामन्यापूर्वीची खेळाडूंची प्रार्थना, उन्हाळी शिबिर या तिथल्या किशोरवयीन मुलांच्या एकत्र येण्याच्या नेहमीच्या जागा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा इव्हँजेलिकल चर्चच्या छायेखाली चालतात. तिथे गेलेल्या बहाई मुलाला आज ना उद्या विचारले जाते, की येशूला तारणारा म्हणून स्वीकारले आहेस का? कोणी एकदा विचारले, तर ते कुतूहल. ज्यांच्या टेबलावर रोज डबा खायचा त्यांनीच दर आठवड्याला विचारले, तर तो दबाव आहे. या दबावाची चर्चा फारशी होत नाही, कारण त्यात कोणी शिवी देत नाही आणि कोणी हातही उगारत नाही.

निर्धास्त : याला दबाव म्हणण्याची घाई होते आहे. इव्हँजेलिकल माणसाची श्रद्धा काय आहे, ते आधी मांडले पाहिजे. प्रत्येक माणूस पापी आहे, येशूने वधस्तंभावर प्राण देऊन त्या पापाची किंमत चुकवली, आणि हे जो स्वतःहून स्वीकारतो त्याचेच तारण होते, असे तो मानतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतःला पित्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग म्हणवतो; मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तो शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो. या दोन्ही गोष्टी ज्याला अक्षरशः खऱ्या वाटतात, त्याने शेजारच्या बाकावरच्या मित्रापाशी गप्प राहणे हाच मित्रद्रोह ठरेल. युवकांमध्ये काम करणाऱ्या संस्था याच तळमळीतून निघाल्या. जिम रेबर्न यांनी १९४१ मध्ये टेक्सासमध्ये ‘यंग लाइफ’ सुरू केली, कारण जी मुले चर्चमध्ये येत नव्हती त्यांच्याकडे जाणारे कोणी नव्हते. ‘यूथ फॉर ख्राइस्ट’चे पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते म्हणजे पुढे जगभर गाजलेले बिली ग्रॅहम. १९५१ मध्ये बिल ब्राइट यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ‘कॅम्पस क्रूसेड’चे काम सुरू केले, आणि १९५४ मध्ये ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स’ निघाली. या कामाने अनेक एकाकी मुलांना सोबत दिली आहे. दुसरे असे, की सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतंत्रपणे घ्यावा, हे बहाई धर्माचे मूलतत्त्वच आहे. आईबाप बहाई म्हणून मुलाची श्रद्धा गृहीत धरली जात नाही. पंधराव्या वर्षी धार्मिक कर्तव्ये लागू होतात आणि त्या सुमारास मुलाने आपली श्रद्धा आपणहून जाहीर करावी, अशी अपेक्षा असते. ज्या धर्माने शोधाचे दार स्वतःच उघडे ठेवले आहे, त्याने त्या दारातून कोणी हाक मारली म्हणून तक्रार का करावी?

सावध : शोधासाठी दोन्ही उत्तरे सारखी परवडणारी असावी लागतात. ती तशी नसतात, आणि त्याचे कारण बहाई मुलाच्या जगण्यातच आहे. बहाई नियमांत मद्य आणि अमली पदार्थ निषिद्ध आहेत. लग्नापूर्वी शरीरसंबंध नाही. अमेरिकन हायस्कूलमध्ये शनिवारी रात्रीची बिअरची पार्टी टाळणाऱ्या मुलाला सोबती कुठे मिळणार? चर्चच्या गटातच. आचाराच्या बाबतीत त्याला सर्वांत जवळची मुले तीच असतात. म्हणजे हे आमंत्रण परक्याकडून येत नाही. ज्यांच्यावाचून शनिवार एकट्याने घालवावा लागेल, त्यांच्याकडूनच ते येते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ज्यू, मुसलमान किंवा हिंदू मुलाला हाच प्रश्न आला, तर त्याला सरळ सांगता येते, की आमचा धर्म वेगळा आहे. बहाई मुलाला तसे सांगता येत नाही. येशू हा ईश्वराने पाठवलेला, त्याचे वचन ईश्वराचे, त्याचा कुमारीजन्म खरा, वधस्तंभावरचा मृत्यूही खरा, असेच त्याला घरी शिकवलेले असते. मूसा, बुद्ध, कृष्ण, झरतुष्ट्र, महंमद यांच्या मालिकेत येशू आहे, आणि १८४४ मध्ये इराणमधील शिराझमध्ये बाब यांनी व पुढे बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांनी ती मालिका चालवली, अशी बहाई धारणा आहे. म्हणून येशूवर विश्वास आहे का, या प्रश्नाला त्याचे प्रामाणिक उत्तर ‘हो’ असते. पण ते ‘हो’ मोजले जाते ‘नाही’ म्हणून. ज्याला नकार द्यायचाच नाही त्याच्या माथी नकार मारला जातो, आणि मग तो नकार मागे घे, अशी विनवणी केली जाते. चौदा वर्षांच्या मुलाला ही कोंडी मित्रांपुढे शब्दांत मांडता येत नाही.

निर्धास्त : ही कोंडी खरी आहे, पण ती ख्रिस्ती मुलांनी निर्माण केलेली नाही. दोन धर्मांमधला मतभेदच तसा आहे. ‘सम आन्सर्ड क्वेश्चन्स’ हे बहाउल्लांचे पुत्र अब्दुल बहा यांच्या अक्कामधील संभाषणांचे पुस्तक १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा मोठा भाग बाप्तिस्मा, त्रैक्य, पुनरुत्थान अशा ख्रिस्ती विषयांवर आहे, आणि त्यात पुनरुत्थानाचा अर्थ आध्यात्मिक लावला आहे : देह उठला नाही, शिष्यांच्या खचलेल्या मनात ख्रिस्ताचे कार्य पुन्हा जिवंत झाले. इकडे पौलाने करिंथकरांना लिहिले, की ख्रिस्त उठला नसेल तर सगळी श्रद्धाच फोल. या दोन भूमिकांना एकच ‘हो’ पुरणार नाही. तेव्हा एखादी ख्रिस्ती मुलगी आपल्या बहाई मैत्रिणीला म्हणाली, की तू मानतेस तो येशू आणि मी मानते तो येशू एक नाहीत, तर ती दांडगाई करत नाही. सगळे धर्म सारखेच असे म्हणून विषय बदलणाऱ्या वर्गमैत्रिणीपेक्षा तिने बहाई धर्म अधिक गांभीर्याने घेतला आहे. बहाई घरांमध्ये ऐक्यावर इतका भर असतो, की हा फरक मुलांना कधीकधी नीट सांगितलाच जात नाही. मग तो पहिल्यांदा चर्चच्या शिबिरात कळतो आणि धक्का बसतो. त्या धक्क्याचा दोष शिबिराला किती द्यायचा?

सावध : घरी नीट शिकवले जात नाही, हे मान्य. मतभेद लपवू नयेत, हेही मान्य. पण तो मतभेद मांडतो कोण आणि कसा? वॉल्टर मार्टिन यांचे ‘द किंगडम ऑफ द कल्ट्स’ हे १९६५ चे पुस्तक इव्हँजेलिकल वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्यात बहाई धर्म भ्रामक पंथांच्या रांगेत बसवला आहे. असे साहित्य वाचून तयार झालेला विशीतला गटप्रमुख मत्तयाचा चोविसावा अध्याय उघडतो, खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे उठतील हा इशारा दाखवतो, आणि बहाउल्ला त्यांतलेच नाहीत कशावरून, असे विचारतो. त्याच अध्यायातील तारे गळून पडण्याच्या आणि मनुष्याचा पुत्र मेघांवरून येण्याच्या वचनांचा अर्थ बहाउल्लांनी १८६२ च्या सुमारास बगदादमध्ये लिहिलेल्या ‘किताब-ए-इकान’मध्ये सविस्तर लावला आहे. पण समोरच्या मुलाने ना तो ग्रंथ वाचलेला असतो, ना मत्तय. प्रौढ आणि तयारीचा माणूस एका बाजूला, एकटे मूल दुसऱ्या बाजूला, भोवती त्याचे सगळे मित्र. याला सत्यशोध म्हणणे कठीण आहे.

शिबिराची शेवटची रात्र तर वेगळीच असते. दिवसभर खेळ, रात्री गाणी, मुलांनी रडत सांगितलेले अनुभव, आणि मग ज्यांना येशूला स्वीकारायचे आहे त्यांनी उभे राहावे, असे आवाहन. अशा वेळी बसून राहणारे मूल सर्वांना दिसते. एखादे मूल उभे राहून मोकळे होईल, मनात काहीही असो. बहाई मुलाला तीही सोय नाही, कारण श्रद्धेविषयी खोटे बोलून सुटका करून घेणे त्याच्या धर्मात वर्ज्य आहे. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली गेली. त्यांतली मोना महमूदनिझाद सतरा वर्षांची होती आणि लहान मुलांचे धर्मवर्ग घेणे हा तिच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. श्रद्धा नाकारली असती तर तिचा जीव वाचला असता. बहाई मुले ही हकिकत लहानपणापासून ऐकतात. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर इराणमधून अमेरिकेत आलेल्या कुटुंबांत ती ऐकीव गोष्ट राहत नाही, नात्यागोत्यातली असते. अशा घरातले मूल मित्रांना बरे वाटावे म्हणून उभे राहिले, तर घरी परतताना त्याच्या मनावर काय ओझे असेल?

निर्धास्त : शिराझचे नाव इथे फार जपून घ्यावे लागेल. तिथे न्यायालय, तुरुंग आणि फास होता. इथे गिटार वाजवणारा एक गटप्रमुख आहे. ही दोन नावे एका दमात घेतली, तर मोनाच्या मरणाचे मोल कमी होते आणि त्या गटप्रमुखावरही अन्याय होतो.

सावध : तुलना छळाची नाही. मुलाच्या मनात श्रद्धेच्या शब्दाला काय वजन आहे, ते सांगण्यापुरताच तो उल्लेख होता.

निर्धास्त : तेवढ्यापुरता तो ग्राह्य धरू. पण दक्षिण कॅरोलायनातील गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तिथला बहाई समाज मुख्यतः इराणी नाही. लुई ग्रेगरी हे कृष्णवर्णीय वकील १८७४ मध्ये याच राज्यातल्या चार्ल्सटनमध्ये जन्मले, १९०९ मध्ये बहाई झाले, आणि वर्णभेदाच्या काळात दक्षिणेत फिरून त्यांनी वंशऐक्याचा संदेश दिला. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामीण भागातले हजारो लोक, प्रामुख्याने कृष्णवर्णीय, बहाई झाले. हेमिंग्वे इथे १९७२ मध्ये ग्रेगरींच्या नावाची प्रशिक्षण संस्था निघाली आणि १९८४ मध्ये तिचे रेडिओ केंद्र सुरू झाले. हे सगळे लोक चर्चमध्ये वाढलेले. त्यांच्या नातवंडांना बोलावणारे चर्च म्हणजे बहुतेकदा आजीचे, मामाचे, चुलत भावंडांचे चर्च. रविवारी आजीबरोबर गाणे म्हणणाऱ्या मुलावर बाहेरचा हल्ला होतो आहे, असे म्हणता येईल का? शिवाय हे लोक स्वतः कसे बहाई झाले? कोणीतरी तरुण त्यांच्या दारात आले आणि त्यांच्याशी धर्माविषयी बोलले म्हणूनच. आजही बहाई समाज कोलंबिया देशात तयार झालेल्या ‘रुही’ अभ्यासक्रमाच्या आधारे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे गट चालवतो, आणि त्यांत शेजारपाजारची, इतर धर्मांची मुले आवर्जून बोलावली जातात. त्या गटांचे प्रमुखही विशीतलेच असतात. एखाद्या बॅप्टिस्ट आईला तो दबाव वाटला, तर बहाई समाज काय उत्तर देईल?

सावध : हा आक्षेप टाळता येणार नाही आणि टाळू नये. बहाई उत्तर तीन भागांत येईल. पहिले, अब्दुल बहांनंतर बहाई समाजाचे नेतृत्व केलेल्या शोघी एफेंडी यांनी शिकवणे आणि मागे लागून धर्मांतर घडवणे यांत फरक केला आणि दुसऱ्या गोष्टीला मनाई केली; ऐकणाऱ्याने नाकारले तर त्याला त्याच्यावर सोडावे, हीच बहाउल्लांची शिकवण आहे. दुसरे, किशोर गटासाठी पालकांची संमती घ्यावी, अशी रीत आहे, आणि त्या गटात बहाई होण्याचे आवाहन नसते. तिसरे, बहाई धर्म सोडून जाणाऱ्याशी संबंध तोडण्याचा नियम नाही. बहिष्कार असतो तो समाजात राहून त्याच्या नेतृत्वाविरुद्ध फूट पाडणाऱ्यावर. पण ही तिन्ही उत्तरे नियमांची आहेत. एखादा उत्साही बहाई तरुण नियम विसरतो, एखाद्या बहाई घरात मुलगी ख्रिस्ती झाली म्हणून आई दोन वर्षे नीट बोलत नाही. असे घडू शकते, आणि घडले तर तोही दबावच. म्हणून कसोटी दोघांना एकच लावावी लागेल. आमंत्रण मनापासून असावे, वारंवारही असावे हवे तर. पण नकारानंतर मैत्री उरली पाहिजे. ‘नाही’ म्हटल्यावर शुक्रवारच्या जेवणाचे बोलावणे थांबले, तर आधीचे बोलावणे मैत्रीचे नव्हते, हे मूल ओळखते. पुन्हा कोणावर विश्वास ठेवताना ते कचरते, आणि हे नुकसान दोन्ही धर्मांचे आहे.

निर्धास्त : ही कसोटी चांगली आहे, पण अपुरी आहे. प्रार्थनेसाठी जमलेला गट प्रार्थनाच करणार. बहाई मुलाने तिथे येऊन बसावे, पण गटाने आपला विषय त्याच्यासाठी बाजूला ठेवावा, अशी मागणी योग्य नाही. त्या वयात मैत्र्या आपोआपही विरतात. प्रत्येक विरलेल्या मैत्रीमागे धर्म शोधू नये. आणि अमेरिकन कायद्याने या प्रश्नाचा बराच विचार केलेला आहे. १९८४ च्या समान प्रवेश कायद्यानुसार सरकारी हायस्कूलमध्ये इतर ऐच्छिक मंडळांना जागा मिळत असेल, तर धार्मिक मंडळालाही मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्जेन्स खटल्यात तो कायदा वैध ठरवला. हाच कायदा बहाई मुलांनाही आपले मंडळ काढू देतो. मंडळ विद्यार्थ्यांनीच चालवायचे; बाहेरच्या प्रौढांनी ते चालवायचे नाही आणि नियमित हजरही राहायचे नाही, शिक्षकांनी भाग घ्यायचा नाही. २००० मध्ये टेक्सासच्या सांता फे इथला खटला निकाली निघाला आणि फुटबॉल सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हणण्याची शालेय पद्धत बंद झाली. तो खटला लढवणारी कुटुंबे कॅथलिक आणि मॉर्मन होती. म्हणजे या वातावरणाचा जाच वेगळ्या पंथाच्या ख्रिस्ती मुलांनाही होतो आणि त्यावर दाद मागता येते.

सावध : कायदा पुरतो कुठपर्यंत? २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयात मिळवला. तिथे एका खेळाडूच्या पालकाची तक्रार होती, की प्रार्थनेत सामील झालो नाही तर खेळायला कमी मिळेल, अशी भीती मुलाला वाटत होती. कोणी तसे म्हटले नव्हते. म्हणायची गरजही नव्हती. आणि शाळेबाहेरची घरगुती सभा, चर्चची बस, शिबिर यांना समान प्रवेशाचा कायदा लागूच होत नाही. भारतातल्या वाचकाने आणखी एक फरक लक्षात घ्यावा. बहाई महाराष्ट्रातही आहेत; पाचगणीचे न्यू एरा हायस्कूल बहाई समाजानेच १९४५ मध्ये काढले. इथला बहाई समाजही लहानच. पण त्याच्या भोवतालचा बहुसंख्य समाज त्याच्या मुलाने आपल्या धर्मात यावे म्हणून त्याला दर आठवड्याला विचारत नाही. अल्पसंख्य असणे वेगळे, आणि प्रसार हे कर्तव्य मानणाऱ्या बहुसंख्येत अल्पसंख्य असणे वेगळे.

निर्धास्त : मग उपाय मुलाला दूर ठेवण्याचा नक्कीच नाही. गटात जाऊ नको, असे सांगणारे बहाई आईबाप आपल्याच धर्माचे पहिले तत्त्व मोडतील. त्यापेक्षा त्याच्या हातात बायबल द्यावे, मत्तय आणि योहान त्याच्याबरोबर बसून वाचावेत, पुनरुत्थानाबद्दल ख्रिस्ती लोक काय मानतात ते त्यांच्याच बाजूने समजावून सांगावे. दक्षिण कॅरोलायनातील जुन्या बहाईंना हे जमत असे, कारण ते बायबलमध्येच वाढले होते. आणि मुलाला स्वतःच्या वयाचे बहाई सोबती मिळावेत. २०१३ मध्ये जगभर ११४ बहाई युवक संमेलने भरली, ती चांगलीच झाली. पण संमेलन संपते आणि सोमवारी शाळेत मूल पुन्हा एकटेच असते. एवढे करूनही एखादे मूल सगळे वाचून, समजून ख्रिस्ती झाले, तर बहाई समाजाने त्याला निकोप शोध म्हणायची तयारी ठेवावी. ही तयारी नसेल, तर पंधराव्या वर्षीच्या त्या जाहीर श्रद्धेला फारसा अर्थ नाही.

सावध : ती तयारी ठेवावीच लागेल, आणि अनेक घरांना ती जड जाईल. पण तो निर्णय समजून घेतलेला असावा, एवढी अट उरते, आणि ती अट शिबिराच्या शेवटच्या रात्री पाळली जात नाही. नरकाची भीती खरी मानणारा गटप्रमुख उद्यापर्यंत थांबायला तयार होईल का, हे सांगता येत नाही; त्याच्या श्रद्धेत उद्याची खात्री नाही. निदान एक गोष्ट दोन्ही समाजांतल्या प्रौढांच्या हातात आहे. इतर धर्माच्या घरातल्या अल्पवयीन मुलाकडून श्रद्धेची जाहीर कबुली घेण्यापूर्वी त्याच्या आईबापांना कळवावे आणि मुलाला घरी जाऊन विचार करायला वेळ द्यावा. चर्चच्या युवक-प्रमुखांनी हे शिबिराच्या माहितीपत्रकात आधीच लिहावे, आणि बहाई स्थानिक सभांनीही आपल्या किशोर गटांसाठी हाच नियम लिहून काढावा.